लष्कराच्या भाकरीचा भाव

आचारसंहिता हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर झाकलेल्या कोनशिला येतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक उतरतात, तयार पुलाचं उद्घाटन खोळंबतं, आणि एरवी ज्या अर्जाला नुसताच उशीर झाला असता त्याला उशिराचं अधिकृत कारण मिळतं. 'आचारसंहिता आहे हो' या वाक्याचा व्यवहारातला अर्थ 'काम होणार नाही' एवढाच. ही संहिता निवडणुकीबरोबर येते आणि निकालाबरोबर जाते, त्यामुळे नीट वागणं ही हापूससारखी हंगामी चीज आहे अशी आपली पक्की समजूत झालेली आहे. म्हणूनच जगात काही माणसांनी बारमाही, चोवीस तासांची आचारसंहिता स्वतःहून अंगावर घेतली आहे, आणि तीही काम चालू राहावं म्हणून, हे ऐकल्यावर कचेरीतला कारकूनच काय, खिडकीबाहेर रांगेत उभा असलेला अर्जदारही चक्रावेल.

ही माणसं म्हणजे लोकांच्या उपयोगाची संगणकी कामं फुकट करणारे स्वयंसेवक. आपल्याकडे या उद्योगाला वाक्प्रचार आधीपासून तयार आहे: घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. भाकऱ्याही साध्यासुध्या नाहीत. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर लोक साऱ्या जगाचा नकाशा काढत बसलेत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा धड नकाशा मदतपथकांकडे नव्हता. तो देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून, उपग्रहांची छायाचित्रं बघत, थोड्या दिवसांत काढून दिला. अमेरिकेत २००९ साली 'कोड फॉर अमेरिका' निघालं आणि पुढे गावोगावी त्याच्या तुकड्या झाल्या. तैवानमध्ये २०१२ साली 'गव्ह-झिरो' नावाची चळवळ उभी राहिली. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यातल्या 'ओ' या अक्षराच्या जागी शून्य घातलं की सरकारच्या शेजारीच लोकांनी थाटलेलं दुसरं, जास्त समजेल असं संकेतस्थळ उघडतं, ही त्यांची मूळ युक्ती. कोविडच्या सुरुवातीला कुठल्या औषधाच्या दुकानात किती मास्क शिल्लक आहेत ते दाखवणारे नकाशे याच मंडळींच्या खटपटीतून आले. 'हे कुणीच का करत नाही असं विचारू नका, तो कुणीच म्हणजे तुम्हीच हे आधी मान्य करा' अशा अर्थाचं त्यांचं एक घोषवाक्य आहे. 'कुणीतरी याकडे लक्ष द्यायला हवं' असं म्हणून चहाचा दुसरा कप मागवणाऱ्या समाजाला ते जरा झोंबणारंच.

आता प्रश्न असा की इतकी भली माणसं एकत्र आल्यावर त्यांना 'अपमानास्पद बोलू नये, नवख्याला हिणवू नये, कुणी थांबा म्हटलं की थांबावं' हे लिहून का द्यावं लागतं? चांगलं काम करायला जमलेली माणसं आपोआप चांगलीच वागणार, हा समज काही वाईट नाही. फक्त तो ज्यांनी कधी एखाद्या मंडळाची सर्वसाधारण सभा पाहिलेली नाही त्यांचा आहे. माझं म्हणणं असं की भांडण होतं ते काम फुकट असतं म्हणूनच. नोकरीत मिळणारा पगार हा निव्वळ कामाचा मोबदला नसतो. त्यात साहेबाच्या विनोदाला हसण्याचा भत्ता असतो, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं गुणगुणणं सहन करण्याचा भत्ता असतो, आणि आपली सूचना केराच्या टोपलीत गेली तरी दुसऱ्या दिवशी दहा वाजता हसतमुखाने हजर होण्याचा भत्ता असतो. पगारपत्रकावर ही कलमं छापत नाहीत, पण महिन्याच्या एक तारखेला माणूस बरंच काही विसरतो ते त्यामुळेच. स्वयंसेवकाला एक तारीख नसते. मग तो आपला पगार वस्तुरूपात वसूल करतो, आणि त्या वस्तू तीन: मान, शेवटचा शब्द आणि दुखावलं जाण्याचा हक्क. गणेशोत्सव मंडळात रात्र-रात्र जागून मांडव घालणारा कार्यकर्ता एक पैसा मागत नाही. आरतीचं तबक मात्र त्याच्या आधी दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं, तर त्या वर्षीचं विसर्जन दोन मिरवणुकांनी होतं.

हा वस्तुरूप पगार किती थोडका असला तरी चालतो, याचा एक जाहीर प्रयोग २०२० साली होऊन गेला. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या वार्षिक उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात कुठल्याही सार्वजनिक प्रकल्पाला चार दुरुस्त्या सुचवल्या की एका कंपनीकडून टी-शर्ट मिळत असे. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब वाहिनीने दुरुस्ती कशी पाठवायची ते समजावून सांगितलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर दुरुस्त्यांचा वळीव कोसळला. दुरुस्ती काय, तर प्रकल्पाच्या माहितीपत्रकात 'अप्रतिम प्रकल्प' अशी ओळ घालणं. आपल्या प्रकल्पाचं कुणी कौतुक करावं असं प्रत्येकाला वाटतं, पण तेच कौतुक रोज पंधरा अनोळखी माणसं करू लागली आणि प्रत्येक कौतुक स्वतः वाचून, तपासून नाकारावं लागलं की काय होतं ते त्या महिन्यात प्रकल्प सांभाळणाऱ्यांना कळलं. ऑक्टोबर उजाडून चार-दोन दिवस होतात न होतात तोच उपक्रमाचा नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाला दुरुस्त्या हव्यात त्याने तसं आधी सांगावं, मगच त्या मोजल्या जातील. थोडक्यात, 'फेरीवाल्यांना आत येण्यास मनाई आहे' ही पाटी लागली. टी-शर्टाचा मोह वाईट असं मी म्हणत नाही. टी-शर्ट निदान मापाचा असतो; मानाला 'एक्स्ट्रा लार्ज'च्या पुढेही मापं असतात.

शेवटच्या शब्दाची मापं तर त्याहून विचित्र. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज गृहस्थांनी १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात एक समिती रंगवली आहे. अणुभट्टीचा प्रचंड खर्चाचा ठराव ती काही मिनिटांत मंजूर करते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही. सायकली ठेवायच्या शेडवर मात्र मनसोक्त खल होतो, कारण सायकलवर सगळेच बसलेले असतात. १९९९ साली एका संगणकप्रणालीच्या स्वयंसेवकांत असाच क्षुल्लक वाद पेटला, तेव्हा पोल-हेनिंग काम्प यांनी हीच गोष्ट सांगून विचारलं की शेडचा रंग कोणता यावर आपण किती बोलणार आहोत. तेव्हापासून प्रोग्रामर मंडळींत 'शेड रंगवणं' हा वाक्प्रचारच झाला. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या लेखाचं नाव लिहिताना मध्ये 'एच' घालायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि तो २०११ साली कुठे निकालात निघाला. इतक्या काळात आपल्याकडे विरजणाला विरजण लावून पिढ्यांचं दही झालं असतं. बरं, ते मूर्ख नव्हते. ज्ञानकोश फुकट लिहिणारी, व्याकरण जाणणारी, संदर्भ तपासणारी माणसं होती ती. म्हणूनच त्या 'एच'मध्ये त्यांचा सगळा थकलेला पगार अडकला होता. एकाने केलेला बदल दुसऱ्याने उलटवायचा आणि दुसऱ्याने उलटवलेला पहिल्याने, या खेळावर तिथे एक नियम आहे: एका पानावर चोवीस तासांत तीनदाच उलटवता येईल, चौथ्यांदा उलटवलं तर घरी बसावं लागेल. तीनदा का, एकदाही का? मला हा नियम अत्यंत माणूसघाणा आणि अत्यंत माणसाळलेला, दोन्ही वाटतो. माणूस हट्ट करणारच हे गृहीत धरून त्याला रोजचा तीन हट्टांचा शिधा ठरवून दिलेला आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे मुहूर्त साधून महाराष्ट्र दिनी सुरू झाला, आणि त्याने या साऱ्या व्यवहाराला जे शब्द दिले ते बघण्यासारखे आहेत. चर्चेच्या जागेला तिथे 'चावडी' म्हणतात, नवशिक्याच्या सरावाच्या पानाला 'धूळपाटी', पानांची नासधूस करण्याला 'उत्पात', आणि सांगितलेलं काम निमूटपणे करणाऱ्या यंत्राला 'सांगकाम्या'. इतकं नेमकं नामकरण करणाऱ्या भाषेला भांडणात काही कमी पडेल असं समजायचं कारण नाही. उलट इथे आचारसंहिता लिहिणाऱ्यापुढे एक खास मराठी अडचण उभी राहते. इंग्रजीत माणूस चिडला की शिवी देतो, आणि शिवी यंत्रालाही ओळखता येते. मराठीत सुशिक्षित माणूस चिडला की आदर वाढवतो. 'तू चुकतोयस' ही मैत्री झाली. 'तुम्ही चुकताय' हा मतभेद. 'आपण थोडा अभ्यास वाढवावा' इथे युद्ध जाहीर झालेलं असतं, आणि 'आपल्यासारख्या विद्वानांपुढे आम्ही पामरांनी काय बोलावं' म्हटल्यावर दोन घरांतलं येणं-जाणं एका पिढीपुरतं बंद होतं. या शेवटच्या वाक्यात संहितेच्या कोणत्याही कलमाचा भंग शोधून दाखवा. आदरार्थी बहुवचन आहे, नम्रता आहे, स्वतःकडे कमीपणा घेतलेला आहे. फिर्याद गुदरायची तर ती विनयाविरुद्ध गुदरावी लागेल.

यावर पहिला आक्षेप कणखर मंडळींचा. ते म्हणतात, उत्तम काम हवं असेल तर तोंड कडूच लागतं. गवई तानपुऱ्यासमोर शिष्याला लाडूपेढे भरवत नाही. त्यांचं हुकमी उदाहरण लिनक्सच्या लिनस टोर्वाल्ड्स यांचं. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवर ज्याची प्रणाली चालते त्या माणसाने वाईट दुरुस्ती पाठवणाऱ्याची जाहीर सालटी काढली, तर बिघडलं कुठे? २०१५ साली तिथे नियमावली म्हणून एक छोटं टिपण आलं, तेही 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' म्हणजे आचाराऐवजी संघर्षाची संहिता अशा नावाचं. सप्टेंबर २०१८ मध्ये मात्र खुद्द टोर्वाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, कामातून रजा घेतली, आणि त्याच सुमाराला 'कंट्रिब्यूटर कव्हनंट' या २०१४ सालच्या मसुद्यावर बेतलेली रीतसर आचारसंहिता लागू झाली. महिनाभराने ते परतले. आपल्या मेलमध्ये शिवी असेल तर ती बाहेर जाऊ नये अशी चाळणी बसवल्याचं त्यांनी बीबीसीला सांगितलं होतं. लाखो ओळींतला दोष शोधणाऱ्या माणसाने अखेर स्वतःच्या तोंडावर प्रोग्राम बसवला, हे त्या व्यवसायाला शोभेसंच झालं. गंमत पुढे आहे. आता लिनक्स बुडणार, मवाळ होणार, असा गलका झाला. आणि त्यानंतरही नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येतच राहिली, महासंगणकही चालूच राहिले. शिव्या हे इंधन होतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी धुराला इंधन समजण्याची चूक केली होती. चौकस वाचक इथे मला अडवेल की लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे बरेचजण कंपन्यांचे पगारी नोकर आहेत, ते फुकट कुठे काम करतात? बरोबर आहे, आणि ते माझ्याच पथ्यावर पडतं. पगार होता म्हणून त्यांना ते पचवता आलं. गवयाचा शिष्यही घरातून निघून जाईपर्यंत दोन वेळ जेवत असतो. ज्याला दोन्ही नाही त्याने फक्त चटके घ्यावेत, ही अपेक्षा तव्याने भाकरीकडून करावी, माणसाने माणसाकडून नव्हे.

दुसरा आक्षेप सज्जनांचा असतो आणि तो जास्त चिवट आहे. 'आपण सगळे समजूतदार, घरच्यासारखे. आपल्यात कसले नियम?' घरच्यासारखे या शब्दाची मला फार भीती वाटते. घरात नियम नसतात असं ज्याला वाटतं त्याने एकदा नव्या सुनेला विचारावं. जो फ्रीमन या अमेरिकन लेखिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, स्त्रीमुक्तीच्या गटांत काम करताना, याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यातलं सूत्र असं की रचना नसलेला गट अस्तित्वातच नसतो. नियम लिहिलेले नसले म्हणजे ते फक्त जुन्याजाणत्या चौघांना ठाऊक असतात, आणि बाकीचे ते मोडल्यावर शिकतात. आपल्या सोसायटीच्या गच्चीवर पापड कुठल्या कोपऱ्यात वाळत घालायचे याचा ठराव कुठल्याही वहीत नसतो. तो मोडून बघा. लेखी नियमाचा मोठा गुण हा की तो नवख्याच्या बाजूने असतो. जुन्या माणसाला त्याची गरज नसते, कारण नियम म्हणजे तोच असतो. अर्थात लिहिण्यालाही मर्यादा हवी. 'एसक्यूलाइट' ही माहिती साठवणारी प्रणाली आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनच्या पोटात आहे, आणि ती सांभाळणारे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मोठमोठे ग्राहक आचारसंहिता मागू लागले, तेव्हा त्यांनी २०१८ साली सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठाचे बहात्तर नियम उचलून आपल्या पानावर लावले. त्यात खून करू नये हे आहे, व्यभिचार करू नये हे आहे, आणि खादाड असू नये, झोपाळू असू नये, फार बडबडू नये हेही आहे. मूठभर माणसं आणि बहात्तर नियम! गदारोळ झाला, त्या पानाला 'नीतिसंहिता' म्हणायचं ठरलं आणि आचारसंहितेच्या जागी दुसरी आधुनिक आणली गेली. मला मात्र त्या यादीचं कौतुक वाटतं. खून आणि डुलकी एकाच यादीत घालणाऱ्याने कधीतरी रात्री अकरानंतरची सभा नक्की चालवलेली असणार.

मग 'कातडी जाड ठेवा' हा सल्ला येतो. टिकेल तो आपला, जाईल तो कच्चा. या म्हणण्यात एक हिशेबाची चूक आहे: जाणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही. नोकर सोडून गेला तर राजीनामा देतो, निरोप समारंभ होतो, नारळ मिळतो. स्वयंसेवक नुसता येईनासा होतो. भांडखोर मात्र रोज हजर असतो, त्यामुळे हजेरीपट बघणाऱ्याला तोच निष्ठावान वाटतो. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ साली शिखरावर गेली आणि मग घसरत राहिली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचं कारण शोधलं. उत्पात वाढला म्हणून पहारा वाढला, पहाऱ्याला यंत्रं आली, आणि यंत्रांच्या तडाख्यात चांगल्या हेतूने आलेल्या नवख्यांच्या दुरुस्त्याही सरसकट उडू लागल्या. ज्यांची पहिलीच दुरुस्ती अशी उडाली ते पुन्हा फिरकण्याची शक्यता कमी झाली. म्हणजे इथे कुणी शिवीसुद्धा दिलेली नव्हती. शेजारच्या बाईंनी मोठ्या हौसेने आणून दिलेली वाटी न उघडताच परत करावी, तसं काहीसं झालं. त्यानंतर त्या बाई भांडायला येत नाहीत. त्या फक्त वाटी आणत नाहीत, आणि आपण वर्षभर म्हणत राहतो की शेजार पूर्वीसारखा राहिला नाही.

नियमांचा दुरुपयोग होतो, या तक्रारीला मात्र माझ्याकडे चोख उत्तर नाही. होतोच. आचारसंहिता आली की तिचे वकील येतात. 'सद्हेतू गृहीत धरा' हा विकिपीडियावरचा उत्तम नियम, आणि त्याचा सर्वांत जास्त पुकारा तेच करतात ज्यांच्या हेतूबद्दल प्रश्न निघालेला असतो. निवाडा करणारेही स्वयंसेवकच, म्हणजे त्यांचाही पगार थकलेलाच. विकिमीडिया प्रतिष्ठानाने २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या सगळ्या प्रकल्पांसाठी एक वैश्विक आचारसंहिता जाहीर केली, आणि ती राबवायची कशी याचे नियम ठरवायला त्यानंतरही मसुदे आणि मतदानं होत राहिली. चांगलं वागावं यावर एकमत लवकर होतं. शिट्टी कुणाच्या हातात द्यायची इथे वेळ लागतो. तरीही वकिली करणाऱ्यांच्या भीतीने कायदाच नको म्हणणं म्हणजे ढेकणांच्या भीतीने खाट जाळून जमिनीवर झोपणं. ढेकूण जमिनीवरही येतात, याची कल्पना ते केल्यावर येते.

आणि कुणाला अजूनही वाटत असेल की हा सगळा नाजूक मनांचा मामला आहे, तर त्याने 'एक्सझेड'चं प्रकरण बघावं. ही माहितीची घडी घालून ती लहान करणारी छोटी प्रणाली, जगभरच्या असंख्य सर्व्हरांच्या आत बसलेली, आणि ती बहुतांशी एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ साली त्याला काही अनोळखी नावांनी टोचायला सुरुवात केली: दुरुस्त्या इतक्या उशिरा का, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने कळवलं की मानसिक प्रकृती बरी नाही आणि हे बिनपगारी छंदाचं काम आहे. टोचणी थांबली नाही. याच काळात एक मदतनीस होता. शांत, कष्टाळू, कायम सौजन्याने बोलणारा. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. २०२४ च्या आरंभी त्याने त्या प्रणालीत चोरदरवाजा बसवला, आणि मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंट या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून तो सापडला. टोचणारी नावं त्याच कटातली असावीत असा दाट संशय आहे. इथे माझा प्रतिपक्षी टाळी वाजवून म्हणेल, बघा, सगळ्यांत सभ्य सभासदच चोर निघाला! निघाला खरा. पण त्याच्या सभ्यतेला एवढी किंमत आली कशी? चार उद्धटांनी बाजारच असा पाडून ठेवला होता की 'सावकाश करा, मी आहे' एवढं एक वाक्य बोलणारा देवमाणूस ठरावा. सौजन्य जिथे स्वस्त आणि मुबलक असतं तिथे ते दाखवून कुणाला तिजोरीची किल्ली मिळवता येत नाही. भाकऱ्या भाजणाऱ्याला दुष्काळात तहान लागली, आणि पाण्याचा पेला पुढे करणाऱ्याच्या हाती त्याने चूल सोपवली.

राहता राहिला स्वदेशी आक्षेप: ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं, आपल्याकडे प्रेमाने 'गाढवा' म्हणतात आणि कामं होतात. प्रेमाने म्हटलेलं गाढव ओळखायला आवाज ऐकू यावा लागतो. अक्षरांत ते नुसतं गाढवच दिसतं. आणि थेरं पाश्चात्त्य असतील तर पंढरीच्या वाटेवर काय चालतं? लाखो माणसं, पगार कुणालाच नाही, पावसात अडीचशे किलोमीटर पायपीट, आणि तरी दिंडी रथाच्या पुढे कितवी नि मागे कितवी हे ठरलेलं. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी, प्रत्येकाला 'माउली' म्हणायचं हा संबोधनाचा नियम, आणि भेटलं की दोघांनीही एकमेकांच्या पाया पडायचं. यात 'आपण'चा तिरका वार करायला जागाच उरत नाही, कारण वाकलेल्या माणसाला भुवई उंचावता येत नाही. भांडणं तिथेही होतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत संध्याकाळी तळावर समाज आरती होते. साऱ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला पोहोचतो, आणि चोपदार हातातला चोप वर करतो. त्यासरशी सगळं चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने तेवढं टाळ वाजवत राहायचं. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातो, ऐकून घेतो, मार्ग काढतो, मग ते टाळ थांबतात. संगणकाच्या मंडळींनी तक्रारनिवारणाचे लांबलचक मसुदे केले आहेत, पण त्यांच्याकडे अजून प्रकार उलटाच चालतो: ज्याची तक्रार असते तो गप्प राहून घरी जातो, आणि ज्यांची काहीच तक्रार नसते ते रात्रभर टाळ कुटत बसतात. तळावर त्यानंतर हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आणि मग आरती.